वाजविणाऱ्यांचा हजेरीपट



विलायती बीट-संगीतावर युनियनवाला काय बोलणार, अशी कुजबूज आमच्या कानांवर आली. रास्त आहे. आमचे शिक्षण वाचनालयात आणि कारखान्याच्या फाटकाशी झाले. पण आमचा विषय संगीत नव्हे, वाजविणारे हा आहे.

१९६२ साली लिव्हरपूलच्या बीटल्सची 'लव्ह मी डू' ही तबकडी निघाली. पुढे तीन गिटारी आणि एक ड्रम एवढ्या भांडवलावर गावोगाव पोरे उभी राहिली. लिव्हरपूल बंदर, तशी मुंबईही बंदरच. तेथे 'टेड लायन्स अँड हिज कब्ज', म्हणजे टेड लायन्स आणि त्याचे छावे, हा ताफा होता. १९६५ साली राजा नवाथे यांच्या 'गुमनाम' चित्रपटात तो झळकला. गाणे 'जान पहचान हो'. लक्ष्मी छाया मुखवटा लावून नाचते, हर्मन बेंजामिन ओठ हलवितो, गळा रफीसाहेबांचा, संगीत शंकर-जयकिशन यांचे. छावे मागे वाजविताना दिसतात.

दिसतात, असेच आम्ही म्हणतो. कारण पडद्यावरचे हात आणि ध्वनिमुद्रणातले हात एकच असावेत, असा चित्रपटधंद्याचा नियम नव्हता. स्टुडिओतल्या वादकांत गोमंतकीय पुष्कळ. स्वरलिपी वाचून बिनचूक वाजविणारे. शंकर-जयकिशन यांचे संयोजक सेबॅस्टियन डिसोझा गोव्याचेच. वादकाला त्या दिवसाचे पैसे मिळत. तबकडी पुढे लाख खपो, त्याला वाटा नाही. रोजंदारीच ही, फक्त अंगावर कोट!

२००१ साली 'घोस्ट वर्ल्ड' या अमेरिकन चित्रपटाचा आरंभ ह्याच गाण्याने झाला. २०११ साली एका डच बिअरच्या जाहिरातीत ते जगभर वाजले. छाव्यांचे नाव तरी उरले. बाकीच्यांचे?

२०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, कलावंतांचे हक्क वाढले. पण व्याख्येत एक मेख आहे. चित्रपटातले ज्याचे काम प्रासंगिक, आणि धंद्याच्या रिवाजाप्रमाणे ज्याचे नाव श्रेयनामावलीत येत नाही, तो बहुतेक हक्कांपुरता 'कलावंत'च नव्हे. बुटीबोरीच्या कंत्राटी कामगाराला हे समजावून सांगावे लागणार नाही. हजेरीपटावर नाव नसलेला माणूस अपघातानंतर 'आमचा नव्हेच' ठरतो, हे आम्ही येथेच पाहिले आहे.

ते गाणे आज कोणाच्याही खिशातल्या फोनवर दिसते. घरी गेल्यावर पाहा. पण नाचणारीवरून नजर काढून मागच्या वाजविणाऱ्यांकडे पाहा. आम्हांस ते साधायला तीन खेपा लागल्या.