थंड आकडा, गरम आकडा



मे महिन्यात समृद्धी महामार्गाने नागपूरहून मुंबईला निघायचं. गाडीत पाच माणसं, डिकी गच्च. पंपावर हवा भरणारा विचारतो, "किती ठेवू?" आपण सांगतो, "उन्हाळा आहे, दोन-तीन कमीच ठेव. तापून फुटायला नको." हा सल्ला प्रत्येकाला कुणीतरी वडीलधाऱ्याने दिलेला असतो. आहे मात्र अगदी उलटा.

ऊन आणि काँक्रीट भर घालतात हे खरं. पण टायर मुख्यतः तापतो तो स्वतःच्या वाकण्याने. जमिनीला टेकणारा भाग दबतो, सुटतो, पुन्हा दबतो. ताशी 120 किलोमीटर वेगाला हे सेकंदाला सतरा-अठरा वेळा होतं. हवा कमी असली की बाजूची भिंत जास्त वाकते, रबर आणखी तापतं, आतले थर सुटू लागतात. शेवटी टायर फुटतो आणि खापर फुटतं उन्हावर.

मग भरायची किती? चालकाचं दार उघडा. खांबावर किंवा दाराच्या कडेला स्टिकर असतो. बऱ्याच गाड्यांच्या स्टिकरवर दोन आकडे असतात, एक नेहमीचा आणि एक पूर्ण भरलेल्या गाडीचा. लग्नाला सहकुटुंब निघालात तर दुसरा आकडा आपला. टायरवर छापलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा, तो भरायचा नसतो.

स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा, म्हणजे तीनेक तास उभ्या असलेल्या गाडीचा. आतली हवा 10 अंशांनी तापली की दाब साधारण दीड पीएसआयने वाढतो. सकाळी 33 भरलेला टायर दुपारी ढाब्यावर 38 दाखवेल. दाखवू द्या. ही वाढ टायर बनवणाऱ्याने धरलेलीच असते. तिथे हवा सोडलीत तर रात्री थंड झालेला टायर कमी हवेचा निघेल. नायट्रोजनला वेगळे पैसे मोजावेत का, असं विचाराल, तर साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो. त्यापेक्षा स्वतःचा गेज विकत घ्या. दोन पंपांचे आकडे क्वचितच जुळतात.

रेस ट्रॅकवर मात्र हिशेब उलट्या टोकाने मांडतात. चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक घ्या, किंवा 2011 ते 2013 फॉर्म्युला वन जिथे झाली ते ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट. इथे महत्त्व गरम आकड्याला. चार-पाच फेऱ्या मारायच्या, पिटमध्ये येताक्षणी दाब मोजायचा आणि ठरवलेल्या आकड्यापेक्षा जास्त असेल तेवढी हवा सोडायची. रस्त्यावर जे करू नका म्हटलं, तेच इथे रीतसर करतात. आधी टायरच्या खांद्यावरून भिंतीपर्यंत खडूची रेघ ओढून ठेवतात. रेघ भिंतीवर खोलवर पुसली गेली तर टायर वळणात लोळतोय, हवा कमी आहे. खांद्याच्या कडेलाही धक्का लागला नाही तर हवा जास्त. शिवाय घड्याळाच्या दिशेने फिरणाऱ्या ट्रॅकवर उजवी वळणं जास्त, त्यामुळे डावे टायर अधिक तापतात आणि त्यांतूनच जास्त हवा सोडावी लागते.

त्यामुळे ट्रॅकवरून संध्याकाळी त्याच गाडीने घरी परतणाऱ्यांनी महामार्गाला लागण्याआधी टायर थंड होऊ द्यावेत आणि चारही पुन्हा स्टिकरच्या आकड्यावर आणावेत, डावे आधी. आणि हो, स्टेपनीतली हवाही तेव्हाच बघून घ्या.