कुंडीतली माती



अकोटच्या काळ्या मातीत वाढलेल्या माणसांना मी आज सांगणार आहे की, बोन्साय करताना वावरातली माती कुंडीत भरू नका. आणि जी भराल, तीही कायमची ठेवू नका.

काळी माती पाण्याने फुगते, वाळली की भेगाळते. वावरात ते चालते. पऱ्हाटीचे मूळ खोल जाते, नांगरटीने, वखरणीने जमीन मोकळी होते. पण बोन्सायची कुंडी जेमतेम दोन-तीन इंच खोल. तिथे हीच माती पावसाळ्यात मुळांचा श्वास कोंडते आणि उन्हाळ्यात आकसून बारीक मुळे तोडते. माझा पहिला वड असाच गेला. खोड हिरवे होते, पण उपसून पाहिले तर मुळे कुजून काळी पडली होती.

जुन्या किल्ल्यांच्या तटात उगवलेला पिंपळ आठवा. दगडाच्या फटीत माती ती किती? पण पाणी तुंबत नाही, हवा खेळती राहते. कुंडीत आपल्याला तीच फट तयार करायची आहे.

जपानी लोक मेपलसाठी अकादामा ही दाणेदार माती वापरतात. दाणे हळूहळू फुटून त्यांचा चुरा होतो, मुळांचे जाळे दाटते, पाणी मुरेनासे होते. म्हणून कोवळ्या झाडाची माती साधारण दर दोन वर्षांनी, हिवाळा संपताना, डोळे फुगले की पान उमलण्याआधी बदलतात. मेपलला थंडीतली विश्रांती लागते. आपला ४५ अंशांचा वैशाख त्याला सोसणार नाही. आपली झाडे वड, पिंपळ, उंबर. आणि त्यांचा मुहूर्त मृगाच्या पावसानंतरचा.

त्या वेळी झाड कुंडीतून काढा. बांबूच्या काडीने कडेकडेची जुनी माती हलकेच सोडवा. मुळांचा साधारण तिसरा हिस्सा धारदार कात्रीने कापा. जाड, खाली जाणारी मुळे आधी. भोकांवर जाळी ठेवा. चाळलेला विटांचा चुरा, जाड वाळू आणि मुरलेले शेणखत यांचे मिश्रण भरा. चाळणीखाली पडलेली भुकटी त्यात घालू नका. झाड तारेने कुंडीला बांधा, म्हणजे नवी मुळे हलणार नाहीत. भरपूर पाणी द्या, दोन-तीन आठवडे सावलीत ठेवा आणि महिनाभर खत देऊ नका.

हिरोशिमाच्या यामाकी कुटुंबाकडचा एक पांढरा पाइन १६२५पासून बोन्साय म्हणून जपलेला आहे. १९४५च्या अणुबॉम्बमधून तो वाचला, १९७६मध्ये अमेरिकेला भेट गेला आणि आज वॉशिंग्टनला उभा आहे. चार शतके एवढ्याशा मातीत झाड जगते, ते पिढ्यान्‌पिढ्या कोणीतरी ती माती वेळेवर बदलल्यामुळे.

वावराला आपण गाळ घालतो, शेणखत देतो, पेरापालट करतो. कुंडीला आपल्या हाताशिवाय कोणी नाही. मृग जवळ आला आहे. ज्यांच्या घरी वर्षानुवर्षे एकाच मातीत उभे असलेले झाड आहे, त्यांनी यंदा त्याची माती बदलावी, एवढीच माझी विनंती.