काहिलीतले रंग

कोल्हापूरचं खाणं म्हटलं की बाहेरचा माणूस तांबडा-पांढरा रस्सा आणि मिसळीवर येऊन थांबतो. ताटामागचे कष्ट बघायचे तर कणेरी मठावर जावं. तिथल्या सिद्धगिरी म्युझियममध्ये जुनं गाव सिमेंटच्या शिल्पांतून उभं केलंय. नांगरणारा शेतकरी, तेल्याचा घाणा, बारा बलुतेदार. मूर्ती इतक्या हुबेहूब, की पोरं हळूच हात लावून खात्री करून घेतात!

शेतीच्या कष्टांना कलेत असा मान दूरदेशीही मिळतो. फिलिपीन्समधल्या लुकबान गावात दरवर्षी १५ मे रोजी पाहियास नावाचा सण असतो. शेतकऱ्यांचा संत इसिद्रो याच्या नावानं लोक आपली घरं भाज्या-फळांनी आणि रंगीत किपिंगनं मढवतात. किपिंग म्हणजे झाडाच्या पानावर तांदळाचं पीठ पसरून, वाफवून, सोलून वाळवलेली पापडी. आपल्या सालपापडीची सख्खी बहीणच. आपली मात्र थेट डब्यात जाते. याच देशात भातलावणी रंगवणाऱ्या चित्रकार फेर्नांदो आमोरसोलोला १९७२ साली पहिला राष्ट्रीय कलावंत म्हणून गौरवलं गेलं.

आता आपला गूळ घ्या. शाहू महाराजांनी गुळाच्या व्यापारासाठी १८९५ साली शाहूपुरी वसवली. २०१४ साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं. गुऱ्हाळं मात्र कमी होत चालली आहेत. ऊस कारखान्याला जातो, कामाला माणूस मिळत नाही. खरं तर चित्रकाराला गुऱ्हाळावर केवढं घबाड आहे! चुलवाणात चिपाडं सारणारा, घामानं निथळणारा जळव्या. भेंडीचं पाणी पडलं की काहिलीत, म्हणजे रसाच्या मोठ्या कढईत, वर येणारी काळपट मळी. रस आधी हिरवट, मग पिवळा, शेवटी तांबूस सोनेरी. पाण्यात पाकाचा थेंब टाकून गोळी बघणारा गुळव्या, आणि त्याच्या तोंडाकडे डोळे लावून उभे असलेले बाकीचे सगळे.

कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान यांनी कोटितीर्थ तलाव रंगवला, म्हणून त्या काळचं कोटितीर्थ आपल्याला आज बघता येतं. गुऱ्हाळाला असा चित्रकार हवाय.

तेव्हा कोल्हापुरात चित्रकला शिकणाऱ्या कलानिकेतनच्या, दळवीजच्या मुलामुलींनो, रंकाळा तलावाची चित्रं पुष्कळ झाली. यंदा हंगाम सुरू झाला की वही-रंग घेऊन गुऱ्हाळावर जा. काहील उतरायच्या आधी पोचा, गुळव्याला विचारून बसा. आणि जळव्याचं चित्र काढल्याशिवाय उठू नका.