कचेरीची मांडणी आणि निराळ्या घडणीची माणसे
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



आपल्या ज्ञातीत कारखानदार आहेत, पेढीवाले आहेत, कचेऱ्यांतील अधिकारीही आहेत. चार माणसांना काम देणे ज्यांच्या हाती आहे, त्यांच्यापुढे आम्ही आज एक विनंती ठेवणार आहोत.

काहींच्या मेंदूची घडण जन्मतःच निराळी असते. कोणाला स्वमग्नता असते, कोणाला अक्षरे वाचणे जड जाते, कोणाचे चित्त एका जागी ठरत नाही. हा बुद्धीचा अभाव नव्हे. शाळेची घंटा होताच कानांवर हात ठेवणारा, परंतु तोंडी हिशेबात वर्गाला मागे टाकणारा विद्यार्थी आम्ही पाहिलेला आहे. असा मुलगा मोठा होऊन नोकरीस लागतो, तेव्हा त्याला काम जड जात नाही. कामाची जागा जड जाते. पंख्याची घरघर, दूरध्वनीची घंटा आणि शेजारच्या मेजावरील गप्पा हे सारे त्याच्या कानांवर सारख्याच जोराने आदळते. लुकलुकणारी दिव्याची नळी त्याला असह्य होते. मग वरिष्ठ म्हणतात, "हा कामचुकार आहे."

यावर उपाय खर्चाचे नाहीत. त्याची जागा भिंतीलगत, रहदारीपासून दूर व कायमची ठरलेली असावी. दिवा सौम्य असावा. घटकाभर शांत बसण्यास एखादी लहान खोली असावी. काम तोंडी न सांगता क्रमवार लिहून द्यावे, आणि बदल करावयाचा झाल्यास आगाऊ कळवावे. मुख्य म्हणजे, तुम्हांला काय सोयीचे पडेल, हे त्यालाच विचारावे. कारण एकाला शांतता हवी असते, तर दुसऱ्याला हिंडतफिरत काम साधते.

ब्रिटनच्या मानक संस्थेने २०२२ साली इमारतींतील प्रकाश, आवाज व रंग यांविषयी याच दृष्टीने मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. डेन्मार्कमध्ये थॉर्किल सोने या गृहस्थांनी, स्वतःचा मुलगा स्वमग्न असल्याचे कळल्यावर, २००४ साली अशा माणसांना संगणकाच्या कामावर घेणारी कंपनीच काढली. आपल्याकडील २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता व विशिष्ट अध्ययन-अक्षमता यांचा समावेश असून, सरकारी कचेऱ्यांनी अशा कर्मचाऱ्यांची वाजवी सोय करावी, असे बंधन आहे.

तथापि कायदा दारापर्यंतच येतो. सोयरीक मोडेल या भयाने आपल्यातील कित्येक घरे मुलाची ही घडण लपवितात, आणि जे लपविले त्याची सोय मागता येत नाही. आईबापांना एकच घोर असतो: आपल्यामागे याचे कसे होणार? त्याचे उत्तर दयेत नाही, स्वकष्टाच्या पगारात आहे. म्हणून पालकांनी लपवू नये आणि मालकांनी हिणवू नये. आपल्या कचेरीतील एक शांत कोपरा एका घराचा संसार उभा करील, एवढे ध्यानात ठेवावे, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.