छपराखालचा कडा

सुरतेत राहणाऱ्या माणसाने कड्यांविषयी बोलावे, हे श्रोत्यांना थोडे विनोदी वाटण्याचा संभव आहे. तापीच्या मुखाजवळचे हे गाव तळहातासारखे सपाट. येथे चढायचे म्हणजे उड्डाणपूल चढायचा, किंवा कापडबाजारातील एखादा जिना. आमचे वडील धुळ्याकडून यंत्रमागाच्या कामासाठी उधन्याला आले, तेव्हा डोंगर जे मागे राहिले ते राहिलेच. अशा गावात एके दिवशी माझ्या चौदा वर्षांच्या नातीने माझ्यापुढे एक छापील कागद ठेवला आणि म्हणाली, "आजोबा, येथे सही करा."

चिरंजीव आणि सूनबाई कामानिमित्त परगावी असल्याने पालक या जागी माझेच नाव येत होते. कागद होता एका आरोहणशाळेचा; म्हणजे छपराखाली उभारलेल्या कृत्रिम कड्यावर चढण्याचा सराव जेथे करतात त्या जागेचा. पडून इजा होऊ शकते याची आम्हांला जाणीव आहे, अशा अर्थाचे एक वाक्य त्यात होते. मी चष्मा काढून ठेवला आणि सही करणार नाही असे सांगितले. तिने एवढेच विचारले, "पण तुम्ही तर हरिहर चढला आहात ना?"

येथे मला एक कबुली द्यावयाची आहे. नाशिक जिल्ह्यात त्र्यंबकेश्वराच्या बाजूला हरिहर नावाचा किल्ला आहे. त्याच्या जवळजवळ उभ्या कातळात पायऱ्या कोरल्या असून हातांची बोटे अडकविण्यासाठी त्यांत खोबण्या केलेल्या आहेत. १९८० च्या सुमारास मी मामेभावाबरोबर तेथे गेलो होतो. निम्म्या पायऱ्यांवर माझे गुडघे थरथरू लागले. वर पाहवेना, खाली पाहवेना. शेवटी मामेभाऊ मागे फिरला आणि माझे एकेक पाऊल हाताने धरून त्याने मला खाली उतरविले. घरी आल्यावर मी माथ्यावरच्या वाऱ्याचे मोठे रसभरित वर्णन केले. मामेभाऊ भला माणूस. तो काही बोलला नाही. पुढे ते वर्णन मुलाने ऐकले, नातीने ऐकले, आणि दर खेपेला वारा थोडा अधिकच जोराने वाहू लागला.

तेव्हा सही करणे कठीण आणि न करण्याचे खरे कारण सांगणे त्याहून कठीण. "एकदा येऊन तर पाहा," असे ती म्हणाली, म्हणून गेलो.

जागा एखाद्या गोदामासारखी. आत शिरताच रबराचा आणि घामाचा वास येतो, आणि सगळ्यांचे हात पिठाची गिरणी चालविणाऱ्यासारखे पांढरे. ती खडूची पूड, म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेट. घामाने बोटे निसटू नयेत म्हणून लावतात. भिंती लाकडी फळ्यांच्या, दोन माणसांहून थोड्या अधिक उंच. काही सरळ, काही अशा पुढे झुकलेल्या की चढणाऱ्याची पाठ जमिनीकडे होते. त्यांवर रंगीबेरंगी पकडी पेचांनी बसविल्या आहेत. एका रंगाच्या पकडी म्हणजे एक वाट. दोर नाही. खाली हातभर जाडीच्या गाद्या. या प्रकाराला बोल्डरिंग म्हणतात, आणि अशा प्रत्येक वाटेला इंग्रजीत जो शब्द आहे त्याचा अर्थ गणितातले उदाहरण असाही होतो. हे मला फार आवडले. हा खेळ नावारूपास आणणाऱ्यांपैकी जॉन गिल हा अमेरिकन गृहस्थ खरोखरच गणिताचा प्राध्यापक होता, आणि खडूची पूड कड्यावर नेली तीही त्यानेच, १९५० नंतरच्या दशकात, व्यायामशाळेतून. छपराखालच्या भिंतीची कथाही अशीच साधी आहे. इंग्लंडमध्ये लीड्स विद्यापीठात डॉन रॉबिन्सन नावाच्या शारीरिक शिक्षणाच्या अध्यापकाने १९६४ साली एका बोळवजा मार्गिकेच्या भिंतीत दगडाचे तुकडे बसविले, आणि विद्यार्थी त्यांवर चढू लागले.

हे सारे खोटेच की, असे माझे एक स्नेही म्हणाले. खोटे आहे खरे. येथे वारा नाही, आग्यामोहोळ नाही, हातात निखळून येणारा सह्याद्रीचा ठिसूळ दगड नाही. एवढ्या शिदोरीवर कोणी एकदम डोंगरावर जाऊ नये. परंतु आपला मलखांब म्हणजे तरी झाड कोठे आहे? दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभटदादा देवधरांनी ज्या विद्येला नवे रूप दिले, तीही माणसाने पुरलेल्या खांबावरचीच. आणि आपल्याकडे हा खेळ अगदी परका राहिलेला नाही. मुंबईच्या 'गिरिविहार' या १९५४ सालच्या संस्थेने २०१६ साली नवी मुंबईत बोल्डरिंगची जागतिक चषक स्पर्धा भरविली होती. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २०२१ साली, आरोहणाचा प्रथमच समावेश झाला. शुल्काचे मात्र बोलायला हवे. तो आकडा लिंबायतच्या कित्येक घरांत एका मुलाच्या हौसेसाठी बाजूला निघणारा नाही, आणि पायाला चावणारे ते रबरी बूट आणखी निराळे.

शिक्षक सुरतेचाच तरुण. मला वाटले, तो नवख्यांना प्रथम पकड शिकवील. तो म्हणाला, "काका, पहेलां पडतां शीखो." आधी पडायला शिका! दोन्ही पाय एकदम टेकवायचे, गुडघे सैल सोडायचे, हात छातीशी घ्यायचे आणि पाठीवर गोल लोळायचे. हात मागे टेकायचा नाही. टेकला की मनगट गेले. मुले ओळीने पडत होती आणि तो प्रत्येकाचे पडणे तपासून पाहत होता.

एक तरुण, दिवसा हिऱ्याच्या कारखान्यात काम करणारा, हिरव्या वाटेवर माझ्या डोळ्यांदेखत अकरा वेळा पडला. दर खेपेला तो गादीवर तसाच बसून वर पाही आणि शेजारच्याला विचारी, "डावा पाय आधी हलवला तर?" शेजारचा हवेत हात फिरवून दाखवी. कोणी हसत नव्हते. बाराव्या खेपेलाही तो पडलाच, आणि पाणी प्यायला गेला.

मीही सर्वांत खालच्या दोन पकडींवर चढलो. जमिनीपासून हातभर उंची असेल. तरी गुडघ्यांनी जुनी ओळख दाखविली. शिक्षक म्हणाला, सोडा. मी सोडले. गादी मऊ होती.

परतताना रिक्षात मी नातीला हरिहरची खरी हकीकत सांगितली. बोलताना तिच्याकडे पाहण्याचे धैर्य झाले नाही. मी रस्त्याकडे पाहत होतो. तिने सगळे ऐकून घेतले. रिंगरोडवरचा पूल चढेपर्यंत ती काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "अडकलात तेव्हा उजवा हात खोबणीत होता की डावा?"

मला आठवेना. घरी आल्यावर मी भिंतीसमोर उभा राहून दोन्ही हात वर केले आणि आठवून पाहिले. उजवा असावा. तिने माझा डावा पाय थोडा बाहेर सरकविला, कंबर भिंतीजवळ ढकलली आणि म्हणाली, "आता वर बघा." मी वर पाहिले. मग तिने तो कागद आणून मेजावर ठेवला. सही करताना माझ्या बोटांची पांढरी पूड त्यावर उमटली. दुसऱ्या दिवशी तिने तो तसाच नेऊन दिला.