भूक आणि स्वभाव

ताटावरून अर्धपोटी उठणाऱ्या मुलीला आपल्याकडे सहसा कोणी आजारी म्हणत नाही. प्रथम ‘मिताहारी आहे’ असे तिचे कौतुक होते. पुढे अंगावरचे मांस झडू लागले, की ‘हट्टीच आहे’ असा दोष दिला जातो. कौतुक आणि दोष, दोन्ही स्वभावाच्याच खात्यावर मांडले जातात. मोठी चूक होते ती या हिशेबातच.

हा विकार नवा नव्हे. लंडनचे सर विल्यम गल आणि पॅरिसचे लासेग यांनी १८७३ साली, स्वतंत्रपणे, त्याचे वर्णन केले. गल यांनी दिलेले ‘ॲनोरेक्शिया नर्व्होसा’ हे नाव पुढे रूढ झाले. नावाचा अर्थ क्षुधानाश. परंतु बहुधा येथे भूक मेलेली नसते, ती मारलेली असते. १९७९ साली जेराल्ड रसेल यांनी ‘बुलिमिया’ हा दुसरा प्रकार वेगळा दाखविला. त्यात अनावर खाणे आणि मग ओकून टाकणे, असे चक्र चालते. मुलगेही या विकारांपासून मुक्त नाहीत.

अशा अनेक रुग्णांत व्यक्तिमत्त्वाचा विकारही आढळतो. अन्न वर्ज्य करणाऱ्यांत काटेकोरपणाचा अतिरेक दिसतो. खाऊन ओकणाऱ्यांपैकी काहींत भावनांचा कल्लोळ, एकटे पडण्याची धास्ती आणि स्वतःला इजा करण्याची प्रवृत्ती दिसते. मग प्रश्न उभा राहतो: स्वभावामुळे उपास घडला, की उपासाने स्वभाव घडविला?

अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली अँसेल कीज यांनी केलेला प्रयोग येथे उद्बोधक आहे. तन आणि मन निकोप असलेल्या ३६ तरुणांना, त्यांच्या संमतीने, २४ आठवडे अर्धपोटी ठेवण्यात आले. हळूहळू ते चिडखोर, खिन्न आणि एकलकोंडे झाले. अन्नावाचून दुसरा विषय त्यांना सुचेना. काही जण तर पाककृतींची पुस्तके वाचीत बसत. भुकेने भल्याभल्यांचा स्वभाव पालटला!

म्हणूनच शरीराचे पोषण सावरण्यापूर्वी कोणाच्या स्वभावावर विकाराचा शिक्का मारण्याची घाई जाणते वैद्य करीत नाहीत. हे पोषणही वैद्यकीय देखरेखीखालीच व्हावे लागते. दीर्घ उपासमारीनंतर एकदम भरपूर खाऊ घालणे जिवावर बेतू शकते. त्यानंतरही मूळचा विकार उरलाच, तर दोहोंवर एकत्र उपचार करावे लागतात. मार्शा लिनेहन यांनी भावनांचा आवेग सोसण्यास शिकविणारी जी पद्धती घडविली, ती बुलिमियाच्या रुग्णांसाठीही उपयोगात आणली जाते.

मार्ग कोठून सुरू करावा, हे ज्यांना उमगत नसेल, त्यांच्यासाठी भारत सरकारने २०२२ साली ‘टेली-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा सुरू केली; तिचा क्रमांक १४४१६. घरच्यांनी मात्र एक पथ्य पाळावे. ताटापाशी बसलेल्या मुलीला ‘हट्टी’ म्हणण्यापूर्वी, तिच्या आत कोण बोलत आहे, ती स्वतः की तिची भूक, एवढे क्षणभर थांबून ऐकावे.