डोंगरवाटेवरचा शेवटचा माणूस

रविवारीं पहांटे पुणें स्टेशनवर लोणावळ्याच्या गाडीजवळ, पाठीला पिशव्या बांधलेल्या पंचवीस-तीस माणसांचा घोळका उभा असला, तर पूर्वीच्या काळीं ही मंडळी देहूला निघाली काय, असें कोणीहि विचारलें असतें. हल्लीं तसें कोणी विचारीत नाहीं. मुंबईंत गिरिविहार ही संस्था १९५४ सालीं निघाली. त्यानंतरच्या सत्तर वर्षांत मुंबई, पुणें, ठाणें, नाशिक अशा अनेक शहरांतून लहानमोठ्या गिर्यारोहण संस्था निघाल्या, आणि सुटीच्या दिवशीं पहांटे निघून रात्रीं जेवणाच्या वेळेपर्यंत घरीं परत यावयाचें, अशी एका दिवसाची डोंगरवारी हा मध्यम स्थितींतील कुटुंबांचा नेहमींचा छंद होऊन बसला. कॉलेजांतील मुलें, बँकेंतील कारकून, डॉक्टर, शिक्षिका, नातवंडें असलेलीं आजी-आजोबा असे सर्व प्रकारचे लोक त्यांत असतात.

घरांतील कोणी अशा मंडळींत प्रथमच जावयाचें ठरविलें, म्हणजे घरच्यांना डब्याची आणि पावसाची काळजी पडते. खुद्द जाणाऱ्याच्या मनांत मात्र निराळीच भीति असते, व ती तो कोणाजवळ बोलून दाखवीत नाहीं. किल्ल्याची उंची, वाटेंतील कडे, साप-विंचू हें सारें त्याला एक वेळ चालतें. परंतु आपण सगळ्यांच्या मागें पडूं, आपल्यासाठीं तीस माणसें खोळंबून राहतील आणि कोणी तरी हंसेल, ही ती भीति. सह्याद्रींतील वाटांवर जे अपघात होतात, त्यांपैकीं कित्येकांच्या मुळाशीं कातळाइतकीच ही लाज असते. मागें पडलेला माणूस दम न घेतां पळूं लागतो व घसरतो. किंवा दुखणें लपवितो व भर चढावर बसतो. किंवा, हें सर्वांत वाईट, ‘तुम्ही पुढें व्हा’ असें म्हणून एकटा राहतो.

उदाहरण म्हणून विसापूरची वाट घ्यावी. मळवली स्टेशनवर उतरलें, म्हणजे दक्षिणेस लोहगड आणि विसापूर हे जोडकिल्ले दिसतात. दोहोंच्या मध्यें गायमुखाची खिंड आहे. विसापूर सुमारें ३,५५० फूट उंच आहे आणि लोहगड त्याहून थोडा ठेंगणा. ह्या थोड्या फरकामुळें इतिहासांत मोठा फरक पडला. विसापूरवरून लोहगडावर मारा करतां येतो, म्हणून १८१८ च्या मार्चमध्यें इंग्रजांनीं आधीं विसापूर घेतला, आणि लोहगड त्यांना फारशा झुंजीवांचून मिळाला. पुढें विसापूरच्या दरवाजांची त्यांनीं मोडतोड केली. लोहगडाचे चार दरवाजे मात्र अद्याप डौलानें उभे आहेत. युनेस्कोनें २०२५ सालीं जागतिक वारशाच्या यादींत जे बारा मराठा किल्ले घेतले, त्यांत लोहगड आहे, विसापूर नाहीं. त्यामुळें रविवारची गर्दी लोहगडावर जाते, आणि ज्यांना गर्दी नको ते विसापूरकडे वळतात. पण विसापूरची भाज्याकडील वाट पावसाळ्यांत वाट राहात नाहीं. जुन्या पायऱ्यांवरून ओढा वाहूं लागतो आणि माणसांनीं त्या ओढ्यांतूनच वर चढावयाचें असतें. माथा सपाट व विस्तीर्ण आहे. धुकें उतरलें, म्हणजे दहा हातांवरचा सोबती दिसेनासा होतो, आणि गुरांनीं पाडलेल्या पाऊलवाटा व उतरावयाची खरी वाट ह्यांतील फरक कळत नाहीं.

आतां थोडें गणित. स्कॉटलंडमधील नेस्मिथ ह्या गिर्यारोहकानें १८९२ सालीं एक हिशेब बांधून दिला, तो अद्याप जगभर वापरतात: दर तीन मैलांना एक तास, आणि दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास. मळवलीपासून विसापूरच्या माथ्यापर्यंतची वाट तीन मैल व चढ दीड हजार फूट धरला, तर हिशेबानें पावणेदोन तास होतात. नवखा माणूस हें वाचून खूष होतो. परंतु हा हिशेब धडधाकट, एकट्या चालणाऱ्याचा आहे. तीस माणसांच्या मंडळीला तोच चढ तीन तासांहून कमी वेळांत साधत नाहीं. वाटेंत एकच अशी पायरी लागली, कीं जिथें हात देऊन एकेकाला वर घ्यावें लागतें, आणि माणशीं एक मिनिट गेलें, तर तेथेंच अर्धा तास संपला. उतरतांना तोच अर्धा तास पुन्हां द्यावयाचा. चांगल्या संस्था हें गणित निघण्यापूर्वीं कागदावर मांडतात, आणि परत फिरण्याची वेळ घरून ठरवूनच निघतात. दुपारी दीडला जेथें असूं, तेथून मागें वळावयाचें, असें ठरलें असेल, तर माथा समोर दिसत असतांहि वळतात. तरुण मंडळी अशा वेळीं कुरकुर करते. त्यावर पुढारी म्हणतो, ‘किल्ला कोठें पळून जात नाहीं.’ हें वाक्य डोंगरांत इतक्या वेळां बोललें गेलें आहे, कीं त्याची चेष्टाहि होते. चेष्टा करणारा सूर्यास्तानंतर एकदां ओढ्यांतून उतरला, म्हणजे तो चेष्टा थांबवितो.

चालण्याचा क्रमहि ठरलेला असतो. सर्वांत पुढें वाटेचा माहितगार पुढारी, आणि सर्वांत मागें पाठराखा. औषधांची पेटी, दोर व विजेरी ही बहुधा पाठराख्याजवळ असतात, कारण ज्याला त्यांची गरज पडते तो माणूस मागेंच असतो. पुढाऱ्याच्या पुढें कोणी जावयाचें नाहीं आणि पाठराख्याच्या मागें कोणी राहावयाचें नाहीं, हा नियम शाळेंतल्या रांगेसारखा वाटतो खरा, आणि मोठ्या हुद्द्यावरील माणसांना तो जरा झोंबतोहि. जो सर्वांत सावकाश चालतो, त्याला शहाणे पुढारी आपल्या पाठीशींच घेतात. त्याच्या गतीनें मग सारी रांग चालते. जेथें हें करीत नाहींत, तेथें एक मोठा अन्याय नकळत घडतो. जलद चालणारे झाडाखालीं पोंचतात, दहा मिनिटें बसतात, संत्रीं खातात. मागचा माणूस धापा टाकीत येऊन पोंचतो, तोंच ते ताजेतवाने होऊन ‘चला’ म्हणून उठतात. ज्याला विसाव्याची गरज सर्वांत जास्त, त्यालाच तो सर्वांत कमी मिळतो. विसावा मोजावयाचा तो शेवटचा माणूस बसल्यापासून.

तयारीविषयीं पुष्कळ लिहिलें-बोललें जातें. त्यांतील जरुरीचें थोडकें आहे. महिनाभर आधीं चढण्याउतरण्याची संवय करावी. पुण्याला पर्वती आहे, हनुमान टेकडी आहे. मुंबईकरांना आपल्या इमारतीचे जिने आहेत. लोक चढण्याचा सराव करतात व उतरण्याचा विसरतात. वस्तुतः गुडघे बिघडतात ते उतरतांना. बूट खांचांच्या रबरी तळाचे असावेत, पण नवे कोरे नसावेत. आठवडाभर बाजारहाटाला घालून ते पायाशीं जुळवून घ्यावेत. नखें कापलेलीं असावींत, नाहीं तर उतारावर अंगठा बुटाच्या टोकावर आपटून नख काळें पडतें. जाड जीनची विजार भिजली, म्हणजे जड होते व वाळत नाहीं. पिशवी जलाभेद्य म्हणून विकतात, ती तशी असतेच असें नाहीं. कोरडे कपडे आंत प्लॅस्टिकच्या पिशवींत घालून ठेवावेत. उन्हाळ्यांत माणशीं तीन लिटर पाणी हवें. घाम फार आल्यास नुसतें पाणी पुरत नाहीं. लिटरभर पाण्यांत सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घातलें, कीं काम भागतें. खाण्याला दशम्या, थालीपीठ, गूळ-शेंगदाणे, खजूर. म्हणजे आजीनें दिलें असतें तेंच. अंगाला अत्तरें चोपडून जाऊं नये आणि कड्याखालीं शेकोटी करूं नये, कारण सह्याद्रीच्या कपारींतून आग्यामोहोळें असतात, आणि वासानें किंवा धुरानें तीं उठलीं, म्हणजे धांवण्याला जागा नसते. भरल्या ओढ्यांत मौजेखातर उतरूं नये. लोणावळ्याजवळच, भुशी धरणामागील प्रवाहांत, ३० जून २०२४ रोजीं सहलीला आलेल्या एकाच कुटुंबांतील पांच माणसें वाहून गेलीं. पाणी वर डोंगरांत पडलेल्या पावसानें वाढतें. खालीं उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर त्या वेळीं ऊनहि असूं शकतें.

एवढी सामग्री बहुतेक लोक नीट जमवितात. चूक होते ती एका कागदावर. नांव नोंदवितांना संस्था एक अर्ज भरून घेते. त्यांत वय, रक्तगट आणि ‘कांहीं आजार किंवा जुनी दुखापत’ असे रकाने असतात. शेवटच्या रकान्यांत शंभरांतील नव्वद लोक ‘नाहीं’ असें लिहितात. मधुमेही मनुष्य लिहीत नाहीं, दम्याचा लिहीत नाहीं. लिहिलें तर घेणार नाहींत, असें त्यांना वाटतें.

विम्याच्या कचेरींतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनीं असेंच केलें. मुलीनें त्यांचें नांव नोंदविलें, आणि उजव्या गुडघ्याची जुनी दुखापत त्यांनीं लिहूं दिली नाहीं. जुलै महिना, विसापूर, अठ्ठावीस माणसें. भाज्यापर्यंत ते सर्वांच्या बरोबर, किंबहुना दोन पावलें पुढेंच होते. ओढ्याच्या पायऱ्या अर्ध्या संपल्या तेव्हां गुडघा सुजला. ते एका मोठ्या दगडावर टेकले आणि अगदीं सहज म्हणाले, ‘तुम्ही पुढें व्हा. मी येथेंच बसतों. उतरतांना मला घेऊन जा.’

हें बोलणें ऐकावयास समंजस वाटतें, आणि म्हणूनच तें धोक्याचें. मंडळी गायमुखाकडून उतरणार होती. त्या दगडाशीं ती परत यावयाचीच नव्हती. शिवाय ओल्या कपड्यांनीं वाऱ्यांत बसलेला माणूस अर्ध्या तासांत कुडकुडूं लागतो. मग त्याला वाटतें, आतां जरा बरें आहे, चालावें; आणि तो धुक्यांत जी पाऊलवाट दिसेल ती धरतो. असा माणूस हरवला, म्हणजे लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्र ह्या संस्थेसारखे स्वयंसेवक दिवसाचीं कामें टाकून रात्रीं विजेऱ्या घेऊन डोंगरांत शिरतात, आणि त्यांचेहि जीव पणाला लागतात.

पाठराखीण एक तरुण शिक्षिका होती. ती म्हणाली, ‘काका, तुम्ही बसलांत तर मीहि बसतें. आणि माझ्यामागें आज कोणी नाहीं.’ तिनें शिटी वाजविली. वरची रांग थांबली आणि पुढारी खालीं आला. त्यानें गुडघा पाहिला, पट्टी बांधली आणि एवढेंच म्हटलें, ‘हें मळवलीला कळलें असतें, तर आज सगळ्यांनाच लोहगडावर नेलें असतें. लोहगडवाडीपर्यंत गाडी जाते.’ मग त्यानें विचारलें, ‘काकांबरोबर कोण उतरतें?’ आजारी माणसाबरोबर दोघे द्यावयाचे असा दंडक असतो; एक सोबतीला, आणि दुसरा लागलीच तर मदत आणावयाला. क्षणभर कोणी बोललें नाहीं. तीन तास भिजत चढून माथा सोडावयाचा, हें सोपें नव्हे. मग एका महाविद्यालयीन मुलानें हात वर केला, आणि त्याच्यामागून एका मध्यमवयीन बाईंनीं.

तिघें सावकाश भाज्याला उतरलीं. दुपार मोकळी होती, म्हणून हळूहळू पायऱ्या चढून लेण्यांत जाऊन बसलीं. तो मुलगा ह्या वाटेनें पांच वेळां किल्ल्यावर गेला होता आणि लेण्यांत एकदांहि शिरला नव्हता. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीं खोदलेलें तें चैत्यगृह, त्याच्या कमानीला बसविलेल्या लाकडी फासळ्या, बाहेर पावसाचा आवाज. काकांनीं विम्याच्या कामानिमित्त फिरतांना ह्या भागांतील लेणीं पाहिलेलीं होतीं, आणि त्यांना सांगतां येण्याजोगें पुष्कळ होतें. परंतु ते सारखे ‘माझ्यामुळें तुमचा किल्ला राहिला’ एवढेंच म्हणत होते. बाईंनीं शेवटीं आपल्या डब्यांतली तिखटमिठाची पुरी त्यांच्या हातांत ठेवली, तेव्हां कोठें ते लेण्यांबद्दल बोलूं लागले.

संध्याकाळीं मळवलीच्या फलाटावर चिखलानें माखलेली उरलेली मंडळी आली. पुढाऱ्यानें नेहमींप्रमाणें माणसें मोजलीं. अठ्ठावीस भरलीं. गाडीला अवकाश होता, म्हणून पुढच्या महिन्याचे अर्ज तेथेंच वाटले गेले. काकांनीं एक मागून घेतला, चष्मा पुसला, आणि बांकावर बसून लिहूं लागले. शेवटच्या रकान्यांत गुडघ्याचा इतिहास मावला नाहीं; तेव्हां त्यांनीं कागद उलटा करून पाठीमागें लिहिलें.